पाडकामाचा अधिकार आणि वारसा : म्हैसूरचे उदाहरण
स्वतःच्या जागेतील नकोशी वास्तू कंत्राटदाराकरवी पाडण्याचा मालकाचा अधिकार कोठवर पोहोचतो? म्हैसूरच्या यादवगिरी भागातील आर. के. नारायण यांच्या निवासस्थानाचे पाडकाम २०११ मध्ये सुरू झाले. नागरिकांनी व वृत्तपत्रांनी आवाज उठविल्यावर प्रशासनाने ते थांबविले. पुढे महानगरपालिकेने ही वास्तू खरेदी करून तिची डागडुजी केली आणि २०१६ मध्ये ती संग्रहालय म्हणून खुली झाली. येथे मालकाला मोबदला मिळाला, मात्र तो सार्वजनिक निधीतून, हे परीक्षार्थींनी ध्यानात घ्यावे.

सामान्य घराबाबत प्रश्न उरतो तो राडारोड्याचा. बांधकाम व पाडकाम कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनी दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन कचरा निर्माण करणाऱ्यांवर व्यवस्थापन आराखड्याचे बंधन घातले होते. एखादे लहान घर सहसा या मर्यादेच्या आतच राही.