आजीचा चेहरा

चि. मुक्ता हिस,


काल तुझ्या आईचा मेलबर्नहून फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "नीलला फोनमध्ये माझा चेहरा हवा होता. मुक्ता म्हणाली, बस गं दोन मिनिटं. बसले." तिला वाटले, फोटो काढतोय. मला रात्रभर झोप नाही. चेहऱ्यावरून वय तपासतात, तिथे तुझ्या चौदा वर्षांच्या पोराचे खाते आजीच्या वयावर?

10 डिसेंबर 2025 पासून तुमच्याकडे ऑस्ट्रेलियात सोळाच्या आतल्यांना इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, टिकटॉकवर खाते नाही. दंड कंपन्यांना, 4 कोटी 95 लाख डॉलरपर्यंत. मुलांना नाही, आईबापांनाही नाही. मग कशाला भ्यालीस? मित्र तुटतील म्हणून? व्हॉट्सॲप बंदीत नाही. क्रिकेटच्या पोरांचा ग्रुप तिथे करू दे, शनिवारी त्यांना जेवायला बोलाव.

काळजी कायद्याची नाही गं. ज्या ॲपवर खाते काढले, त्याच्या लेखी नील आता सत्तरीचा आहे. कोवळ्या पोरांसाठी जी थोडीफार राखण असते, तीही गेली. उद्या कोणी नको ते फोटो मागितले, धमकावले, तर सांगेल कुणाला? खोट्याला आईचाच हात लागलाय.

हे मी कोणत्या तोंडाने सांगतोय, तेही ऐक. तुझी आई तेरा वर्षांची असताना मी तिला एसटीने कोल्हापूरला नेले. अर्धे तिकीट बारापर्यंत. "अकरा सांग," म्हणालो. कंडक्टरने विचारले, "कितवीत गं?" ती पटकन म्हणाली, "आठवीत." सगळी गाडी हसली. मी पूर्ण तिकिटाचे पैसे मोजले आणि स्टँडवर उतरल्यावर तिलाच बोललो. ती परकराचे टोक मुठीत धरून उभी होती. पुढे कॉलेजात एक मुलगा तिच्या मागे लागला होता, ते मला वर्षभराने, शेजाऱ्यांकडून कळले. मला तिने सांगितलेच नाही.

म्हणून म्हणतो, नील तुला सांगेल असे राहू दे. फोन हिसकावू नकोस. शेजारी बस, "माझं चुकलं" म्हण, त्याचे फोटो उतरवून घ्या आणि खाते दोघे मिळून बंद करा. चिडेल, दार आपटेल. आपटू दे.

फार बोललो. नोकरी, घर, आईचे पथ्य, सगळे तू एकटी ओढतेस, मला दिसते. दमली असशील, म्हणूनच "दोन मिनिटं" म्हणाली असशील.

त्याला माझा नंबर दे. तुमच्याकडे रात्रीचे आठ म्हणजे इथे दुपारच. मी जागाच असतो.

तुझा,
मामा