मूडलवर काय टाकावं

सातारा

चि. मृणाल,


तुझा फोन झाल्यापासून डोक्यात तोच विषय आहे. दिवाळीच्या आत सगळ्या विषयांचं साहित्य मूडल या ऑनलाइन अभ्यासप्रणालीवर दिसलं पाहिजे असं प्राचार्यांनी सांगितलंय, कारण त्यानंतर कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायची आहे. आणि तू पेन ड्राइव्ह घेऊन बसली आहेस. एका रविवारी दुपारी सगळ्या फायली ओढून त्यात सोडता येतात, हे खरं. तसं करू नकोस, एवढंच सांगायचंय. पण माझं ‘एवढंच’ चार पानांच्या आत कधी संपत नाही, हे तुला ठाऊक आहे.

समिती फायली मोजेल, मोजू दे. तुझ्या वर्गातली निम्मी मुलं पाटण-जावळीकडून एसटीने येतात. त्यांच्याकडे लॅपटॉप नाही. घरचा मोबाइल रात्री जेवणं झाल्यावर हातात येतो, तोही धाकट्या भावाचं कार्टून संपलं तर. अशा मुलीने तुझा विषय उघडला आणि चाळीस पीडीएफ एकाखाली एक दिसल्या, तर ती मुकाट्याने बंद करेल आणि परीक्षेच्या आधी गाइड विकत घेईल. तिची चूक नाही. कुठून सुरुवात करायची हेच कुणी सांगितलेलं नसतं.

मूडल ज्याने बनवलं त्या मार्टिन डूगियामसचं बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात गेलं. शाळा रेडिओवरून भरायची आणि अभ्यासाचं साहित्य विमानाने यायचं. पुढे पर्थच्या कर्टिन विद्यापीठात काम करताना तिथली विकत घेतलेली प्रणाली त्याला पटेना, म्हणून त्याने स्वतःची लिहायला घेतली. २००२ मध्ये तिची पहिली आवृत्ती आली, आणि ती आजही कुणालाही फुकट वापरता येते. शिक्षक समोर नसताना एकट्याने अभ्यास करणं म्हणजे काय, हे त्याला लहानपणीच कळलं असणार. आपण मात्र त्याच्या प्रणालीचं फायलींचं कपाट करून टाकलंय.

तेव्हा एक विभाग घे आणि तोच नीट कर. समजा, भूकंपाचं प्रकरण. वर उजवीकडचा ‘एडिट मोड’ सुरू केलास की प्रत्येक विभागात साहित्य जोडायची सोय दिसते. तिथे लगेच ‘फाइल’वर बोट ठेवू नकोस. आधी ‘पेज’ घे आणि त्यात स्वतः चार ओळी टाइप कर: या आठवड्यात काय वाचायचं, किती वेळ लागेल, वाचताना कशाकडे लक्ष द्यायचं, शेवटी काय करून आणायचं. पेज मोबाइलवर तसंच उघडतं, काही डाउनलोड करावं लागत नाही. त्याखाली तुझ्या नोट्सची एकच आटोपशीर पीडीएफ ठेव. मग मराठी विश्वकोशातल्या भूकंपावरच्या नोंदीचा दुवा दे. आपल्या वाईत घडलेला ग्रंथ आहे, फुकट वाचता येतो, आणि आपल्या मुलांना त्याचं नावही माहीत नसतं. आणि मग काम. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. धरणाचा जलाशय आणि भूकंप यांचा संबंध तपासताना जगभरचे अभ्यासक आजही कोयनेचं उदाहरण घेतात. तुझ्या मुलांच्या घरात तो भूकंप अंगावर घेतलेली माणसं असतील. त्यांना सांग: आजीला विचारा, त्या पहाटे घरात काय काय झालं, आणि पानभर लिहून ‘असाइनमेंट’मध्ये टाका. एवढं पुरे. तुझ्या पेन ड्राइव्हमधली भूकंपावरची ती भलीमोठी स्लाइडमाला या कामापुढे फिकी आहे, राग मानू नकोस.

फायलींच्या बाबतीत मात्र मी कजाग आहे. ‘युनिट टू फायनल न्यू’ असलं नाव चालणार नाही. ‘प्रकरण २: भूकंपलहरी’ असं लिही, म्हणजे डाउनलोडच्या ढिगातही मुलीला सापडेल. साठ पानं स्कॅन करून ऐंशी एमबीची फाइल करायची नाही. ज्यांचं सगळं रोजच्या दीड जीबीत भागतं, त्यांना तू काय मागतेयस याचा विचार कर. व्हिडिओ थेट मूडलवर चढवू नकोस, सर्व्हरही रडेल आणि मुलंही. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवून दुवा दे. जुन्या प्रश्नपत्रिका मात्र एका ‘फोल्डर’मध्ये कोंबल्यास तरी चालेल.

तुझ्या सरांच्या श्रीलिपी फॉन्टातल्या नोट्सचं काय करायचं, असं तू विचारलं होतंस. ती वर्डची फाइल मुलांच्या मोबाइलवर उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, कारण तो फॉन्ट तिथे नसतो. पीडीएफ केली तर दिसायला ठीक, पण तीत शब्द शोधायला जा, काही सापडत नाही. नोट्स सोन्यासारख्या आहेत, म्हणून त्या युनिकोडमध्ये आणायचे कष्ट घे. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं नि रफार एकदा डोळ्याखालून घालावे लागतातच.

याला दुसरंही कारण आहे. तुझ्या वर्गात एक दृष्टिहीन मुलगा आहे ना? तो एनव्हीडीए वापरत असेल, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा मोफत प्रोग्राम. हाही ऑस्ट्रेलियातलाच, मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेला. स्कॅन केलेलं पान या प्रोग्रामसाठी नुसतं चित्र असतं, त्यात अक्षर नसतंच. आणि जुन्या फॉन्टची पीडीएफ तो वाचेल ती भलत्याच भाषेत. नकाशा किंवा आकृती टाकताना मूडल तिचं वर्णन मागतं. ती चौकट रिकामी सोडू नकोस. ‘आकृती १’ असं लिहून तर मुळीच भागवू नकोस. लहरी कुठून निघतात आणि कुठे वळतात ते दोन वाक्यांत लिही. माझा अंदाज, ते वर्णन डोळस मुलंही वाचतील.

इतरांच्या पुस्तकांबद्दल थोडक्यात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतींना मोकळीक आहे, आणि २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ती बरीच उदारपणे वाचली. म्हणून अख्खं पुस्तक स्कॅन करून चढवायचा परवाना मिळाला असं समजू नकोस. तो खटला कागदी प्रतींचा होता. हवी तेवढी पानं घे, लेखकाचं आणि पुस्तकाचं नाव पहिल्या ओळीत लिही, आणि ग्रंथालयात किती प्रती आहेत तेही. गाइडची पानं तर अजिबात नकोत, त्यांना गिऱ्हाईक आहेच.

अर्धवट काम लपवून ठेवता येतं; तयार झालं की दाखव. तारखेप्रमाणे आपोआप उघडायचीही सोय आहे, पण तुला पहिल्या वर्षी तिचा मोह होईल आणि वेळापत्रक घसरलं की गोंधळ उडेल. हाताने उघड. एखादी फाइल सुधारायची असेल तर नवी शेजारी जोडू नकोस, जुन्या नोंदीच्या सेटिंगमध्ये जाऊन आतली फाइल बदल. दुवा तोच राहतो आणि मुलांपुढे दोन आवृत्त्या येत नाहीत. कुणी काय उघडलं याच्या नोंदी मूडल ठेवतं, त्याही पाहा. मात्र न उघडणाऱ्याला वर्गात उभं करू नकोस. बाहेर बोलावून विचार, फोन कुणाचा आहे, रेंज कुठे येते. वर्ष संपलं की सगळ्या विषयाचा बॅकअप उतरवून घे आणि स्वतःजवळ ठेव. कॉलेजचा सर्व्हर बदलला तरी तुझी मेहनत तुझ्या हाती राहील.

समितीचं म्हणशील, तर प्राचार्यांना एक नीट बांधलेला विभाग आणि त्यात आलेली मुलांची पानं दाखव. तरीही संख्या हवी म्हणाले, तर जुन्या प्रश्नपत्रिकांचा फोल्डर आहेच.

भूकंपाचा विभाग झाला की मला त्यात नोंदव. भूमिका ‘स्टुडंट’ ठेव, ‘टीचर’ नको, नाहीतर लपवलेलंही दिसेल. माझा मोबाइल जुना आहे. त्यावर काय उघडतं नि काय नाही, ते कळवते. आणि वहिनीला सांग, लोणच्याची बरणी अजून परत आलेली नाही.

तुझी,
सुमनआत्या