मॅन्युअल कशात लिहायचे?

तांत्रिक दस्तऐवज लिहिला जातो एकदा आणि सुधारला जातो वर्षानुवर्षे. सॉफ्टवेअर निवडताना मात्र पाहिले जाते ते पहिल्यांदा लिहिण्याचे सुख. विक्रेता दोन पानांचा नमुना झटपट सजवून दाखवतो, बैठकीत माना डोलतात आणि खरेदी होते. खरा त्रास तिसऱ्या-चौथ्या आवृत्तीपासून सुरू होतो; तोवर खरेदी करणारे साहेब बहुधा दुसऱ्या विभागात गेलेले असतात.

चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यात तयार होणाऱ्या एखाद्या पंपाचे मॅन्युअल घेतले, तर अडचण स्पष्ट दिसते. पंपाची मॉडेल तीन, बराचसा मजकूर सारखाच. लेखक पहिल्या मॉडेलची फाइल कॉपी करून उरलेल्या दोन बनवतो. पुढे वीजजोडणीची एक धोक्याची सूचना बदलते. दोन फाइलींत ती दुरुस्त होते, तिसरीत राहून जाते. यंत्र युरोपात जाणार असेल, तर 2006 च्या मशिनरी डायरेक्टिव्हप्रमाणे ते जिथे विकले जाईल त्या देशाच्या अधिकृत भाषेत सूचना द्याव्या लागतात. इंग्रजीसोबत जर्मन, फ्रेंच आणि इटालियन धरले, की एका सूचनेसाठी बारा फाइली उघडाव्या लागतात.

अशा वेळी सगळे खापर वर्डवर फुटते, आणि ते पूर्ण न्याय्य नाही. शंभरेक पानांचे, एकाच मॉडेलचे, एका लेखकाचे मॅन्युअल वर्डमध्ये उत्तम चालते; अट एवढीच की शीर्षके आणि याद्या स्टाइलने बांधलेल्या हव्यात, हाताने ठळक केलेल्या नकोत. वर्ड दगा देते ते अनेक हात लागल्यावर. शीर्षकाचा क्रॉस-रेफरन्स देताना वर्ड त्या शीर्षकावर एक लपलेला बुकमार्क ठेवते. दुसऱ्या कुणी ते शीर्षक पुसून नव्याने टाइप केले की बुकमार्कही पुसला जातो. पडद्यावर जुना क्रमांक तसाच दिसत राहतो, कारण फील्ड अजून अपडेट झालेले नसते. छापण्याआधी ते अपडेट झाले, की ‘प्रकरण 4 पाहा’ च्या जागी ‘एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड’ हे वाक्य ग्राहकाच्या हाती पडते. लांबलचक मॅन्युअलसाठी असलेली ‘मास्टर डॉक्युमेंट’ सोय तर फाइल बिघडवण्याबद्दलच प्रसिद्ध आहे.

मॉडेल आणि भाषा वाढत जाणार असतील, तर मजकूर एकदाच लिहून अनेक ठिकाणी वापरता येणारे साधन लागते. लांब दस्तऐवजांसाठीच्या फ्रेममेकर या सॉफ्टवेअरमध्ये अटींनुसार दिसणारा-लपणारा मजकूर ठेवता येतो. पंपाची तिन्ही मॉडेल एकाच फाइलीतून निघतात. डिटा ही एक्सएमएलवर आधारलेली रचना त्यापुढे जाते. आयबीएममध्ये तयार झालेली ही पद्धत 2005 मध्ये ओएसिस या मानक ठरवणाऱ्या संस्थेचे मानक झाली. तिच्यात धोक्याची सूचना एका जागी राहते, बाकी सगळीकडे तिचा फक्त संदर्भ असतो. पण मजकुराचे तुकडे कसे पाडायचे, नावे काय द्यायची, हे आधी ठरवावे लागते. दोन लेखकांच्या विभागाने डिटा आणणे बहुतेक वेळा हौसच ठरते.

सॉफ्टवेअर कंपन्यांत मार्कडाउन आणि गिट यांची चलती आहे. प्रोग्रामरच्या शेजारी बसून एपीआयची माहिती लिहिणाऱ्याला ही जोडी सोयीची, कारण कोणती ओळ कुणी कधी बदलली ते कळते. मात्र जॉन ग्रुबर यांनी 2004 मध्ये काढलेल्या मूळ मार्कडाउनमध्ये तक्त्यांची सोय नव्हती. ती नंतरच्या विस्तारांत आली आणि जोडलेल्या चौकटींचे तक्ते त्यांतही सहसा जमत नाहीत. सुट्या भागांच्या यादीला ते लागतातच. तिथे मार्कडाउनसारखेच साध्या मजकुरात लिहायचे अ‍ॅस्कीडॉक बरे.

मॅन्युअल मराठीतही द्यायचे असेल, तर एक चाचणी वेगळी घ्यावी. जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी असलेला परिच्छेद टाकून पीडीएफ काढावी आणि तिच्यातला मजकूर पुन्हा कॉपी करून पाहावा. पडद्यावर ठीक दिसणारी वेलांटी पुष्कळदा इथे भलत्या अक्षरावर जाऊन बसते, आणि मग पीडीएफमध्ये शब्द शोधला तरी सापडत नाही. लेटेक ही अक्षरजुळणीची प्रणाली वापरायची असेल, तर देवनागरीसाठी जुने पीडीएफलेटेक सोडून झीलेटेक किंवा लुआलेटेक घ्यावे लागते.

बाहेर पडण्याची वाटही खरेदीपूर्वीच तपासावी, कारण सॉफ्टवेअर बंद पडतात. पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती 2001 ची. तिच्या फाइली इनडिझाइनच्या सीएस6 पर्यंतच्या आवृत्त्यांत उघडत, नंतरच्या आवृत्त्यांत नाही. फ्रेममेकरची मॅक आवृत्ती 2004 मध्ये बंद झाली. मजकूर एक्सएमएलसारख्या खुल्या स्वरूपात, स्टाइल आणि संदर्भ शाबूत ठेवून बाहेर काढता येतो का, हे विक्रेत्याकडून ऐकून चालत नाही, स्वतः काढून पाहावे लागते. त्या चाचणीला विक्रेत्याचा नमुना न वापरता विभागातले सर्वांत किचकट प्रकरण घ्यावे: आडवे तक्ते, घड्या घातलेली रेखाचित्रे, उपक्रमांकांच्या तीन पायऱ्या. ते प्रकरण आत घालण्याचे, एक सूचना बदलून सर्व मॉडेलांच्या पीडीएफ काढण्याचे आणि मग सगळे बाहेर काढण्याचे काम, रोज मॅन्युअल सांभाळणाऱ्या लेखकाच्याच हातून करून घ्यावे.