ताप उतरला, गोळ्या थांबवू का?

प्रश्न : आमच्या अंबड तालुक्यातल्या गावात उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं. मुलाची टायफॉईडची विडाल चाचणी पॉझिटिव्ह आली. आता ताप उतरलाय. गोळ्या थांबवू का?

उत्तर : मुळीच नाही, कोर्स पुरा करा. टायफॉईडचा साल्मोनेला ग्राम-निगेटिव्ह जंतू आहे. त्याला बाहेरून जादा आवरण असतं, म्हणून बरीच औषधं आत शिरतच नाहीत. सिप्रोफ्लॉक्सासिनला तर तो आपल्याकडे आता सहसा दाद देत नाही. विडालवर माझा फारसा भरवसा नाही. जुन्या संसर्गानंही ती पॉझिटिव्ह येते. पुन्हा असा ताप आला तर औषधाआधी रक्ताचं कल्चर करून घ्या. पोट फार दुखलं किंवा शौचातून रक्त गेलं तर तडक दवाखाना गाठा. टँकरचं पाणी उकळूनच प्या. नवी मुंबईत २०१८ मध्ये महापालिकेनं मुलांना टायफॉईडची लस दिली होती. तुम्हीही बालरोगतज्ज्ञांना विचारा.