थीनमिद्ध, जागरण आणि आपली महाविद्यालयीन मुले

महाविद्यालयात शिकणारे माजी विद्यार्थी सुटीत शाळेत भेटावयास येतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यातून एक तक्रार वारंवार आमच्या कानी पडते : पुस्तक उघडले की झोप येते. येथे असताना पहाटेची घंटा होती, वंदना होती, अभ्यासिकेत फेऱ्या मारणारे शिक्षक होते. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत यांपैकी काहीच नसते. कोणी ‘कमवा व शिका’ योजनेत काम करून वर्गात बसतो, कोणी रात्रपाळीत पहारेकरी म्हणून उभा राहतो, कोणी लोकलच्या गर्दीत रोजचे तीन तास घालवते. रात्री दहाला वही हाती घ्यावी आणि साडेदहाला मान कलंडावी, असा त्यांचा नित्याचा अनुभव. त्यावर अपराधी भावनेची भर पडते. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत आणि आपल्याला दोन तासही जागे राहवत नाही, असे ही मुले खाली मान घालून सांगतात.

त्यांना आम्ही प्रथम महामोग्गल्लानांची कथा सांगतो. अंगुत्तर निकायाच्या सत्तक निपातात ती आली आहे. मगधातील कल्लवाळपुत्त नावाच्या गावी मोग्गल्लान ध्यानास बसले होते आणि चक्क पेंगत होते. परंपरेप्रमाणे त्यांच्या प्रव्रज्येला तेव्हा जेमतेम सात दिवस झाले होते. सतत चंक्रमण करून त्यांचे शरीर थकले होते. पुढे जे तथागतांचे अग्रश्रावक झाले, त्यांनाही पेंग आली. आणि भगवंतांनी त्यांची निर्भर्त्सना केली नाही. त्यांनी उपाय सांगितले, एकामागून एक, आणि प्रत्येक वेळी ‘एवढ्याने पेंग गेली नाही तर पुढचे करून पाहा’ अशा रीतीने.

या उपायांचा क्रम मोठा विचारपूर्वक आहे. पहिले तीन केवळ मनाचे आहेत. ज्या विषयावर मन धरल्याने पेंग आली तो बाजूला ठेवावा. ऐकलेल्या धम्माचे चिंतन करावे. तेही पुरले नाही तर तो सविस्तर पठण करावा. आमच्या मते महाविद्यालयीन विद्यार्थ्याला सर्वाधिक उपयोगी पडणारी गोष्ट हीच. ओळींखाली नुसत्या रेघा ओढत वाचणारा विद्यार्थी लवकर झोपतो, कारण त्याच्या मनाला काम नसते. त्याने पुस्तक मिटावे आणि आताच वाचलेले पान मोठ्याने, स्वतःच्या शब्दांत सांगून पाहावे. झोप तर उडतेच. शिवाय आठवून सांगितलेले पुन्हा वाचलेल्यापेक्षा अधिक काळ टिकते, हे शिक्षणाच्या मानसशास्त्राने प्रयोगांनी दाखविले आहे. बुद्धवचन कित्येक पिढ्या लेखनाशिवाय, सज्झायनाने जपले गेले, हेही येथे आठवावे.

त्यानंतरचे उपाय शरीराचे. कान ओढावेत, हातपाय चोळावेत. उठून डोळ्यांना पाणी लावावे, चारही दिशांना पाहावे, नक्षत्रांकडे नजर टाकावी. मनात प्रकाशाची संज्ञा धरावी, रात्र असली तरी दिवस असल्याप्रमाणे. आणि येरझाऱ्या घालाव्यात. यांत गूढ काही नाही. शरीराचे अंतर्गत घड्याळ प्रकाशावर चालते, म्हणून अंथरुणात, मंद दिव्याखाली केलेला अभ्यास झोपेला आमंत्रणच असतो. टेबल, ताठ पाठीची खुर्ची आणि भरपूर उजेड असावा. वसतिगृहाच्या व्हरांड्यात वही हाती घेऊन फिरणारी मुले पूर्वी सर्वत्र दिसत. अलीकडे त्या हातात मोबाइल असतो, तो भाग निराळा.

जेवणाचा विषयही टाळता येत नाही. कोसलराजा पसेनदी द्रोणभर भाताचे जेवण करून धापा टाकीत भगवंतांपुढे येऊन बसे. मात्रेने जेवण्याचा उपदेश त्याला मिळाला आणि त्याचा आहार हळूहळू नाळीभरावर आला, असे संयुत्त निकायात आहे. मेसचे ताट संपवून लगेच पुस्तक उघडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. दुपारी एक ते तीन या वेळात शरीराची जागरूकता स्वभावतःच उतरते. त्यात पोटभर भात पडला तर पुढचे सांगावयास नको. या वेळी गणिते सोडवावीत, आकृत्या काढाव्यात, किंवा वीस मिनिटे डोळे मिटावेत. वीसच, तासभर झोपल्यास उठल्यावर डोके जड राहते.

चहाविषयी थोडे. आपण जागे असतो तोवर मेंदूत अडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि झोपेची ओढ वाढते. चहा-कॉफीतील कॅफिन हे द्रव्य कमी करीत नाही, केवळ त्याची जाणीव काही काळ अडवून धरते. त्यातील जवळजवळ निम्मे पाच-सहा तासांनीही शरीरात असते. म्हणून रात्री अकराचा चहा पहाटेच्या झोपेतून वसूल होतो.

आता मोग्गल्लानांना सांगितलेला अखेरचा उपाय. इतके करूनही पेंग गेली नाही तर काय? तर उजव्या कुशीवर, सिंहशय्येने, स्मृती जागी ठेवून आणि उठण्याची वेळ मनात योजून झोपावे. जाग येताच मात्र लोळत न राहता उठावे. थीनमिद्धाला पाच नीवरणांत गणणाऱ्या तथागतांनीच झोपेला या यादीत स्थान दिले. आळसाची पेंग आणि थकव्याची झोप या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली येरझाऱ्यांनी जाते, दुसरी केवळ झोपेने. दिवसभर वाचलेले स्मरणात पक्के बसण्याचे बरेचसे काम झोपेतच होते. तरुण वयात सात ते नऊ तासांची झोप तज्ज्ञ आवश्यक मानतात. ती कापून वाचलेली पाने परीक्षेत सापडत नाहीत.

बाबासाहेबांचा दाखला देणाऱ्यांनी त्यांचे बालपणही नीट वाचावे. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राही. भीमराव लवकर झोपत; सुभेदार रामजी मात्र रात्री दोनपर्यंत जागे राहत, दोनला मुलाला उठवून अभ्यासास बसवीत आणि मग स्वतः अंग टाकीत, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, ते या व्यवस्थेतून. पहाटेच्या त्या अभ्यासाआधी मुलाची झोप झालेली असे, आणि ती व्हावी म्हणून पित्याने आपली झोप दिलेली असे. या दुसऱ्या गोष्टीचा उल्लेख आपल्या सभांतून फारसा होत नाही.

जयंतीनिमित्त ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. वर्षातून एक दिवस महामानवाला दिलेली ती मानवंदना आहे आणि ती आम्हांस प्रिय आहे. पण तो दिवस म्हणजे वेळापत्रक नव्हे. रात्रपाळी करणारा आमचा विद्यार्थी तेच माप रोज स्वतःला लावू लागला, तर सत्र संपण्याआधी त्याचे शरीर संपावर जाईल. त्याने पाळीवरून आल्यावर खिडकीला जाड पडदा लावून आधी झोपावे आणि उठल्यानंतरचे पहिले दोन तास अभ्यासाला द्यावेत. अपुऱ्या झोपेत मोटारसायकलवर तर मुळीच बसू नये. क्षणभराची डुलकी आल्याचे चालविणाऱ्याला कळतही नाही.

पालकांना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पुरेशी झोप घेऊनही मूल महिनोन्‌महिने पेंगत असेल तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी रक्ताची तपासणी करावी. मुलींमध्ये रक्तक्षय फार आढळतो, आणि विदर्भातील कुटुंबांनी सिकलसेलची तपासणीही अवश्य करून घ्यावी. दुसरी गोष्ट घरातील. खोली एकच असेल तर रात्री साडेनऊला दूरदर्शन संच बंद करावा, मुलाला झोपू द्यावे आणि पहाटे चारला आपणच उठून दिवा लावावा.