आतल्या कानातलं पाणी आणि आपलं ऐकणं



मागे एका गटाच्या बैठकीत गेले होते. तिथल्या एक काकू हप्त्याचं विचारलं की भलतंच उत्तर द्यायच्या. "काकूंचं आता गटात लक्ष नाही," असं बायका म्हणायला लागल्या होत्या. बैठक संपल्यावर काकूंशी बोलले. त्यांना मधूनच गरगरायचं, उलटी व्हायची, डाव्या कानात घूं घूं आवाज यायचा आणि त्या कानाने ऐकूच यायचं नाही. घरचे आधी पित्त म्हणाले, मग बाहेरची बाधा. म्हणून या महिन्याचा धडा कानाचा.

कान आतून कसा असतो?
पडद्याच्या पलीकडे, हाडाच्या आत, गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यात पाणी असतं. आवाजाने पडदा हलतो, मग तीन बारीक हाडं हलतात, मग हे पाणी हलतं. त्यातल्या नाजूक पेशी मेंदूला निरोप देतात आणि आपल्याला ऐकू येतं. शंखाला लागूनच तोल सांभाळणारा भाग आहे. त्यातही हेच पाणी. म्हणून बिघाड झाला की ऐकणं आणि तोल, दोन्ही बिघडतात.

बिघडतं काय?
हे पाणी शरीरच तयार करतं आणि शोषून घेतं. अंघोळीचं पाणी तिथे जात नाही. ते जास्त साठलं की आतली पिशवी फुगते. कान भरल्यासारखा वाटतो, जाड आवाज आधी कमी ऐकू येतात, चक्कर येते. चक्कर वीस मिनिटांपासून काही तास टिकते. या आजाराला मेनियर म्हणतात. अशी चक्कर कानातून येऊ शकते, हे प्रॉस्पर मेनियर या फ्रेंच डॉक्टरांनी 1861 साली सांगितलं.

सुरुवातीला चक्कर गेली की ऐकणंही परत येतं. पण वारंवार झालं तर ते कायमचं कमी होऊ शकतं. म्हणून अंगावर काढू नका.

काय करायचं?
• चक्कर आली की लगेच आडवं व्हा. चूल, विहीर, जिना यांपासून लांब राहा.
• कानात तेल किंवा कसला रस घालू नका.
• जेवणात मीठ कमी करा. दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक सपाट चमचाभरही नको. लोणचं, पापड, फरसाण यातलं मीठही मोजा. पिण्याचं पाणी मात्र कमी करू नका.
• जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा, ऐकण्याची तपासणी करून घ्या. चक्कर रक्त कमी असल्यानेही येते, म्हणून नेमकं कारण कळायला हवं.
• एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठा. चकरेबरोबर तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळा पडला तर 108 ला फोन करा.

काकूंची तपासणी झाली, औषध सुरू आहे. आता बैठकीत सचिव ताई त्यांच्या उजव्या बाजूला बसतात आणि हप्ता मोठ्याने वाचतात.

बैठकीत बोलूया: आपल्या गटात कोणाला "लक्ष नाही" म्हणून आपण गप्प बसवलंय का? तिला ऐकू येतं का, हे कधी विचारलंय का?