इंजिन नवे बांधले, बेअरिंग लवकर का गेले?

जुनी अॅम्बॅसेडर हौसेने जपणारे मालक आजही आहेत. उत्तरपाड्याच्या कारखान्यात या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले, तेव्हा इंजिन पुन्हा बांधून घेण्यावाचून त्यांना गत्यंतर नाही. गॅरेजवाल्यासाठी हे चांगले काम आहे, पण धोक्याचेही. दोन-तीन हजार किलोमीटरच्या आत खालून ठोका येऊ लागला, की गिऱ्हाईक गॅरेजवाल्याला धरते, गॅरेजवाला क्रँक घासून देणाऱ्याला, आणि तो 'बेअरिंगच डुप्लिकेट होते' म्हणून मोकळा होतो. दुसऱ्यांदा इंजिन उघडण्याचा खर्च कोणी सोसायचा, हे भांडून ठरत नाही. ते बेअरिंगच सांगते.

चेंबर उतरवण्याआधी दोन गोष्टी करा. एकेका प्लगची वायर काढून पाहा. ज्या सिलिंडरवर ठोका कमी होतो, त्याचे बिग एंड बेअरिंग संशयित समजा. मेन बेअरिंगचा आवाज जड असतो, लोड आल्यावर वाढतो आणि एक वायर काढल्याने सहसा फारसा बदलत नाही. मग गेज लावून गरम इंजिनाचे ऑइल प्रेशर मोजा. दर हजार आरपीएमला सुमारे दहा पौंड, हा जुना ठोकताळा आहे.

१४८९ सीसी पेट्रोल इंजिनात मेन बेअरिंगे तीन आणि बिग एंड चार. शेल काढताना नंबर आणि वर-खाली अशी खूण करा. पुसून पेटीत टाकू नका. आपले बरेच फिटर इथेच पुरावा घालवतात.

सगळ्या शेलवर बारीक चरे आणि त्यात रुतलेले चमकते कण दिसले, तर घाण आत राहिली आहे. क्रँक घासल्यावर त्याच्या तेलाच्या भोकांत ग्राइंडिंगची पूड बसते. ब्लॉक होन केल्यावर भिंतींना ती चिकटते. नुसत्या रॉकेलने ती जात नाही. गरम पाणी, साबण आणि लांब ब्रश हवा, भोकांतून हवा मारायला हवी. हा दोष शेवटची धुलाई ज्याच्याकडे होती त्याचा, आणि बहुधा ती गॅरेजवाल्याकडेच असते.

शेलच्या कडाच घासल्या असतील तर जर्नलच्या कोपऱ्यातील गोलाई जास्त ठेवली गेली आहे. हा दोष मशीन शॉपचा. वरच्या शेलची एक कड आणि खालच्या शेलची विरुद्ध कड गेली असेल तर कनेक्टिंग रॉड वाकडा आहे. मधले मेन बेअरिंग सर्वांत जास्त झिजले असल्यास क्रँक वाकला आहे का, ते तपासा.

शेलची पाठ जागोजाग घासून चकाकत असेल, तर शेल आपल्या जागेत हलत होते. याचे मूळ अनेकदा एका जुन्या खोडीत असते: प्ले कमी करण्यासाठी कॅप कानशीने घासणे. त्याने बोअर अंडाकृती होतो आणि नवे शेलही टिकत नाही. कॅपची अदलाबदल किंवा उलटी बसवणी यानेही असेच नुकसान होते.

वरचा मऊ थर ओघळल्यासारखा पुसला गेला, काळा-निळा रंग चढला, तर तेल पोहोचले नाही. भोक असलेले शेल ब्लॉकच्या बाजूला बसवले होते का, ते आधी पाहा. ऑइल पंप जुनाच ठेवला होता का? डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो का? मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल चेंबरमध्ये उतरते, तेल पातळ होते आणि निर्दोष बेअरिंगही जाते.

यानंतर मायक्रोमीटर. प्रत्येक जर्नल दोन्ही टोकांना आणि दोन दिशांनी मोजा. अंडाकृती आणि उतार दोन्ही कळतात. जर्नलच्या दर इंचाला सुमारे एक थाऊ मोकळीक, म्हणजे दोन इंचाच्या मेन जर्नलला दोन थाऊ, सुमारे ०.०५ मिलिमीटर. पेटीवरचा आकडा आणि शेलच्या पाठीवरचा आकडा ताडून पाहा. पेटी वीसची आणि माल दहाचा, असेही निघते. क्रँक परत घेताना मशीन शॉपच्या बिलावर प्रत्येक जर्नलचे माप लिहून घ्या. तो लिहून देत नसेल तर दुसरा शोधा.

पुन्हा बांधल्यावर लगेच सेल्फ मारून इंजिन चालू करू नका. प्लग काढा, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत इंजिन फिरवा, मगच प्लग लावा.